पुट्टीखाली गाडलेल्या गाड्या

गेल्या हिवाळ्यात नगरच्या सावेडीत, प्रोफेसर कॉलनी चौकात एक तरुण आपली यामाहा आरएक्स-१०० लावून उभा होता. भोवती दहा-बारा पोरं जमलेली. टाकी जांभळी, चाकं सोनेरी, मागचं मडगार्ड कापलेलं आणि सायलेन्सरचा आवाज पार पाइपलाइन रोडपर्यंत जाणारा. मला पाहून तो कौतुकाने म्हणाला, "काका, बघा, तुमच्या काळातली गाडी. दीड लाख घालून रिस्टोअर केलीय." मी वाकून पाहिलं. टाकी दुसऱ्या गाडीची होती, पुढचे शॉकअप तिसऱ्याच गाडीचे होते आणि चेसिस नंबराच्या जागेवर ग्राइंडर फिरल्याच्या खुणा होत्या. माझ्या काळातली एकही वस्तू त्या गाडीवर जागेवर नव्हती.

त्या पोराचा मला राग आला नाही. त्याने जे पाहिलं तेच केलं. राग आला तो आमच्या पिढीचा. साठीच्या आसपास आलेले, पोरं मार्गी लागलेले, हातात चार पैसे खुळखुळणारे आम्ही लोक जुन्या गाड्यांच्या मागे लागलो आणि 'रिस्टोअर' या शब्दाची माती करून टाकली. तारुण्यातली गाडी परत मिळवायची म्हणून निघालो आणि गाडीत तारुण्याच्या जेवढ्या खुणा होत्या तेवढ्या सगळ्या घासून, खरवडून, पुट्टी भरून पुसून टाकल्या. हे जतन नाही. हा सरळ सरळ विध्वंस आहे आणि तो आम्ही हौसेने, पदरचे पैसे मोजून करतो आहोत.

मी स्वतः केलेला आहे, म्हणून सांगतो. १९८८ साली मी एक जुनी राजदूत घेतली होती. एस्कॉर्ट्सची, १७५ सीसीची, पोलंडच्या एसएचएल गाडीच्या आराखड्यावर फरिदाबादला बनलेली. दूधवाले, शेतकरी, पोस्टमन, ग्रामसेवक, सगळ्यांची गाडी. तिच्यावर मी नोकरी शोधली, तिच्यावरून लग्नाच्या पत्रिका वाटल्या. पुढे ती बरीच वर्षं अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. दहा वर्षांपूर्वी मी ती एका गॅरेजला दिली आणि म्हणालो, "नव्यासारखी करा." तीन महिन्यांनी गाडी आली ती खरोखर नव्यासारखी. काळ्या रंगावर धातूची चमक, पावडर कोटिंग केलेली चेसिस, बाजारातलं डुप्लिकेट मीटर, नवी सीट. मी विचारलं, "जुनं सामान कुठंय?" तो म्हणाला, "ते कशाला ठेवता काका, भंगारात दिलं." त्या भंगारात माझं ओरिजिनल मीटर गेलं. त्यातले आकडे मी चालवलेल्या प्रत्येक किलोमीटरसोबत पुढे सरकले होते. पैसे मीच दिले होते आणि 'नव्यासारखी करा' हे शब्दही माझेच होते. त्या गाडीवर मी नंतर फारसा बसलो नाही.

जगात या विषयावर लोकांनी डोकं लावलेलं आहे. जुन्या वाहनांची 'फिवा' नावाची आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून काम करते. तिने २०१३ मध्ये ट्युरिन सनद मंजूर केली. तिचा गाभा अगदी साधा आहे. आधी आहे ते जपा, बिघडलं तेवढंच दुरुस्त करा आणि काही बदललंच तर जुनं कोणतं नि नवं कोणतं हे पुढच्या माणसाला कळलं पाहिजे. वापराच्या खुणा हा गाडीच्या इतिहासाचा भाग आहे, घाण नाही. आमच्याकडे नेमकं उलटं चालतं. जो जास्त खरवडतो त्याला जास्त शाबासकी.

आपला कायदाही फार वेगळं सांगत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली, तीच व्हिंटेज. म्हणजे चौकातल्या त्या जांभळ्या गाडीला पन्नास वर्षं झाली तरी हा मान मिळायचा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तर कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला आधीपासूनच बंदी घालतं. इथवर कायदा माझ्या बाजूचा आहे. पण त्याच नियमांत व्हिंटेज नोंदणीची फी आहे २०,००० रुपये. संस्थानिकाच्या गॅरेजमधल्या रोल्स-रॉइसला ती जाणवत नसेल. पण आपल्या बापाची दुचाकी जपणाऱ्या शिक्षकाला, कारकुनाला, गिरणीवाल्याला ती फी म्हणजे दारातून हाकलणं आहे. व्हिंटेज नको, साधी नोंदणीच चालू ठेवू म्हटलं, तर ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या दुचाकीच्या नूतनीकरणाला २,००० रुपये आणि उशीर झाला तर महिन्याला ३०० रुपये वेगळे. दहा वर्षं बंद पडलेली गाडी कागदावर जिवंत करायची तर दंडच गाडीच्या किमतीच्या वर जातो. मग माणूस काय करतो? भंगारवाल्याला फोन करतो. हे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मोटारींचे शौकीन होते, आम्ही नव्हतो, हे मी स्पष्ट म्हणतो.

आता मुद्द्याच्या गाडीवर येतो. ती मोटरसायकलसुद्धा नाही, म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही.

आम्ही नगरचे लोक बुलेट शोधतो, येझदी शोधतो, आरएक्स शोधतो. बुलेट मद्रासची, येझदी म्हैसूरची, आरएक्स उत्तरेतली. पण या शहरात, दौंड रोडवर, आमच्याच माणसांनी बनवलेली एक गाडी देशभर धावली. लूना. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती आणली. इटलीच्या पिआजिओ कंपनीची 'चाओ' हे तिचं मूळ. ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, हाताचा क्लच नाही, गिअर नाही, पॅडल मारून सुरू करायची आणि पेट्रोल संपलं तर सायकलीसारखी दामटत घरी आणायची. स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहत होते, त्या काळात लूनाने शिक्षकाला, नर्सला, विमा एजंटला, दुधाच्या किटल्या नेणाऱ्या गवळ्याला चाकं दिली. बायका मोठ्या संख्येने पहिल्यांदा स्वतःच्या गाडीवर बसल्या त्या याच गाडीवर. केडगाव, अरणगावापासून शहराच्या पेठांपर्यंत कित्येक घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली. 'चल मेरी लूना' ही पीयूष पांडे यांची जाहिरात देशाला पाठ झाली, पण ती लूना कुठल्या गावची, हे आज नगरच्याच पोरांना सांगावं लागतं.

आणि आम्ही त्या गाडीची लाज बाळगतो. मित्राच्या घरी गेलो, तर दारात चकचकीत बुलेट उभी. ती त्याने पुण्याहून आणली, त्याच्या तारुण्यात ती त्याच्याकडे कधीच नव्हती. त्याच्या तारुण्यात होती ती लूना, जिन्याखाली, दोन्ही टायर बसलेली, वर जुनी रद्दी ठेवलेली. मी विचारलं, हिचं काय? "हिला कोण विचारतंय?" हे त्याचं उत्तर. मी त्याला तोंडावर सांगितलं आणि इथेही लिहितो. जी गाडी तुझ्याकडे नव्हती तिला तू तारुण्य म्हणतोस आणि जिच्यावर बसून तू मोठा झालास ती किलोच्या भावाने द्यायला निघालास. हा गाडीचा शौक नव्हे, ही श्रीमंती दाखवण्याची घाई आहे.

माझ्या वडिलांची लूना १९७९ ची. ते शिक्षक होते. तेव्हा सावेडी म्हणजे नगरच्या वेशीबाहेरचं गाव, मध्ये शेतं आणि कच्चा रस्ता. राजदूतने मला शहाणं केलं होतं, म्हणून ही गाडी मी रंगाऱ्याकडे नेली नाही. दिल्ली गेटकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. पंचाहत्तरीचा माणूस. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली बसले आणि दोन्ही पॅडलांवरून अंगठा फिरवला. डाव्या पॅडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं, उजव्याचे दाते अजून हाताला लागत होते. म्हणाले, "धोतर नेसत होते ना मास्तर? धोतरवाली माणसं गाडी स्टँडवर घेऊन डाव्या अंगाला उभी राहायची, एकाच पायाने पॅडल मारायची. सोगा चेनमध्ये जायला नको म्हणून."

वडील धोतरच नेसत. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली. त्यांचं ते उभं राहणं त्या रबरात शिल्लक होतं आणि शंभर-दीडशे रुपयांत नवं पॅडल बसवून मी ते कायमचं पुसून टाकू शकलो असतो.

मिस्त्रींनी चार दिवस घेतले. कार्बोरेटर उघडून जेट पातळ तारेने मोकळा केला, मॅग्नेटोचे पॉइंट पॉलिश पेपरने घासले, ऑइल सील बदललं, सायलेन्सर काढून जाळला आणि आतला कार्बन झटकला. टाकीतला गंज आतून धुतला, बाहेरच्या रंगाला हात लावला नाही. कॅरिअरवर उत्तरपत्रिकांची पिशवी घासून जिथे रंग उडाला होता तिथे फक्त तेलाचा बोळा फिरवला. सगळं मिळून ४,२०० रुपये झाले आणि त्यातली मजुरी मागतानासुद्धा त्यांना संकोच वाटत होता. हीच खरी लाजिरवाणी गोष्ट आहे. रंगाला साठ हजार न बोलता देणारी माणसं मिस्त्रीच्या पाचशे रुपयांवर घासाघीस करतात. ज्या माणसाला आवाज ऐकून रिंग गेली की बेअरिंग गेलं हे कळतं त्याला आपण कारागीर म्हणायला तयार नाही. त्यांच्या हाताखाली आज एकही पोरगा नाही. जुन्या गाड्या नष्ट होतील त्या पत्र्याच्या गंजाने होणार नाहीत, हे हात थांबल्याने होतील.

कुणी म्हणेल, गंजून मरण्यापेक्षा रंगवलेली काय वाईट? टाकीला भोक पडलं असेल तर डाग द्यावाच लागेल, चेसिस तडकली असेल तर वेल्डिंग करावंच लागेल, यात वाद नाही. ब्रेक आणि टायर नवेच हवेत, कारण रस्त्यावर दुसरीही माणसं असतात. पण वरवरचा गंज तेलाने थांबतो. त्यासाठी साऱ्या गाडीचं कातडं सोलावं लागत नाही. आणि एक आरएक्स उभी करायला तीन आरएक्स फोडायच्या, हा जो धंदा राजरोस चालला आहे, त्याला तर कुठलंच समर्थन नाही. १९९६ साली ती गाडी बंद झाली. फोडलेली प्रत्येक गाडी कायमची गेलेली असते.

पेट्रोलचंही बोलायला हवं. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल. आपल्या जिल्ह्यातल्या उसातूनही ते निघतं, शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळत असतील तर माझी हरकत नाही. पण इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबरी सीलना आणि वॉशरना ते मानवत नाही आणि गाडी महिनाभर उभी राहिली की टाकी आतून गंजायला लागते. जुन्या गाडीवाल्यांसाठी इथेनॉलविना पेट्रोल गावोगावी सहज मिळण्याची सोय सरकारने करायला हवी होती. ती होत नाही तोवर गाडी उभी करण्याआधी टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा.

नगरला वाहनांची समज नाही असं कुणी म्हणू शकत नाही. लष्कराचं रणगाडा संग्रहालय इथे १९९४ पासून आहे. पकडून आणलेला पॅटन रणगाडा तिथे उभा आहे आणि रोल्स-रॉइसची चिलखती गाडीही. देशातल्या वाहनांची कायदेशीर तपासणी करणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची व्हीआरडीई, याच शहरात आहे. लूना २०२४ मध्ये विजेवर परतसुद्धा आली. ज्या गावात रणगाड्याला एवढा मान आहे त्या गावात लूनालाही एक दालन मिळालं पाहिजे. महानगरपालिकेने जागा द्यावी. १९७२ ची लूना मूळ रंगात, बाजूला ती जोडणाऱ्या कामगारांचे फोटो आणि एक मिस्त्री पगारावर. त्या कारखान्यात राबलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडून ऐकून घ्यायचं असेल तर ते आत्ताच ऐकलं पाहिजे.

आणि तुमच्या जिन्याखाली, माडीवर, गोठ्यात लूना असेल तर भंगारवाल्याला आज फोन करू नका. आधी आरसी बुक शोधा. चेसिस आणि इंजिन नंबर वहीत लिहा, गाडी कुणी, कुठल्या कामाला वापरली ते त्याखाली लिहा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा. टाकी रिकामी करा, प्लग काढून दोन थेंब तेल सोडा, पॅडल हाताने फिरवून पाहा. मिस्त्रीने काढलेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून घरी आणा. रंग देऊ नका.