वायरमनला पोरगी द्यायची का?

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे लोक सहसा दोन कामांसाठी येतात. ठेवीवरचा व्याजदर विचारायला, नाहीतर सोयरीक जुळवताना समोरच्याची पत विचारायला. मागच्या आठवड्यात शिरूरकडचे माझे एक जुने खातेदार आले, ते दुसऱ्या कामासाठी. मुलीला स्थळ सांगून आले होते. मुलगा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला. म्हणाले, ‘‘साहेब, पोरगा सालस आहे, पण नोकरी ठेकेदाराकडची. उद्या काढलं तर? वायरमनला पोरगी द्यायची का, तुम्हीच सांगा.’’

खरे तर शिरूर आणि दौंड तालुक्यांत विजेच्या कामाला तोटा नाही. रांजणगावला एलजी, व्हर्लपूल, फियाट यांचे कारखाने आहेत. कुरकुंभला रसायनांचे कारखाने, दौंडला रेल्वेचे मोठे जंक्शन, केडगावच्या बाजूला गुऱ्हाळे, आणि घोड-भीमेच्या काठाने उसाला पाणी देणाऱ्या असंख्य मोटारी. मग अडते कुठे? अडते ते पगाराच्या शिडीपाशी. पहिली पायरी सापडते, दुसरी सापडत नाही.

दोन वर्षांचा वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पुरा करून मुलगा आधी शिकाऊ उमेदवार होतो. ही पद्धत १९६१ च्या कायद्याची. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे पाच ते नऊ हजार रुपये ठरवले. मुदत संपल्यावर त्याला कायम करण्याची मात्र सक्ती नाही. तो बाहेर पडतो आणि त्याच्या जागी नवी तुकडी येते. मग ठेकेदार गाठायचा. ठेका बदलला की पुष्कळदा नोकरी नव्याने सुरू. अनुभव पाच वर्षांचा, पगार पहिल्या वर्षाचा.

शिडी नीट बांधलेली दिसते ती महावितरणात. २०२३ च्या जाहिरातीत विद्युत सहायकाच्या ५,३४७ जागा होत्या. तीन वर्षे कंत्राटी, मानधन दरमहा अनुक्रमे १५, १६ आणि १७ हजार. नंतर तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी. पण या जागा अवघ्या महाराष्ट्राच्या. आपल्या दोन तालुक्यांच्या वाट्याला त्यातल्या कितीशा येणार?

उरला स्वतःचा धंदा. १९९३ साली पंतप्रधान रोजगार योजना आली, तेव्हा दौंड भागातल्या एका मुलाला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानासाठी मी कर्ज मंजूर केले होते. वरिष्ठांना खात्री नव्हती. मी त्यांना इतकेच सांगितले, की उन्हाळ्यात व्होल्टेज पडते, मोटार जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळते; आणि ऊस वाळताना पाहून शेतकरी मजुरीची घासाघीस करत नाही. कर्ज वेळेवर फिटले. आता कृषिपंप सौरऊर्जेवर जाऊ लागले आहेत. त्यांना कंट्रोलर समजणारा माणूस लागतो. नुसती तांब्याची तार गुंडाळून पुढे भागणार नाही.

या तिघांखेरीज एक चौथा असतो. गावोगाव त्याला ‘झिरो वायरमन’ म्हणतात. कागदोपत्री तो कुठेच नाही, म्हणून झिरो. खरा लाईनमन अनेक गावांना एक. रात्री डीपीचा फ्यूज उडाला की लोक याला उठवतात. पाळीची वीज रात्रीची, उसात बिबट्याची भीती, आणि हा टॉर्च तोंडात धरून डीपीशी झटतो. हातमोजे नाहीत, विमा नाही. मजुरी म्हणजे चहा आणि दोन नोटा. लाईन बंद आहे, असे कुणीतरी सांगितलेले असते. ती बंद नसली, तर घरच्यांनी भरपाईच्या अर्जात ‘हुद्दा’ या रकान्यापुढे काय लिहायचे?

या झिरोला एक करणारा कागद म्हणजे परवाना. राज्याचे अनुज्ञापक मंडळ तारतंत्री, पर्यवेक्षक आणि ठेकेदार यांना तो देते. घरातले, कारखान्यातले वीजमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हावे, असा सुरक्षेचा नियम आहे. म्हणून परवाना नसलेला मुलगा काम करतो आणि सही दुसऱ्याची लागते. मजुरी हाताला मिळते, नफा सहीला. सौरसंचांचेही तेच. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८ हजारांचे अनुदान ठरले. पण संच नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच बसवून घ्यावा लागतो. काम वाढले, तरी कागद नसलेल्याची मजुरी वाढेलच असे नाही.

मी माझ्या खातेदारांना म्हटले, ‘‘नोकरी कायम आहे का, हे विचारूच नका, तसे सांगणारे आता थोडेच. प्रॉव्हिडंट फंड त्याच्या नावावर जमा होतो का, ते विचारा. परवाना काढलाय का, ते विचारा. आणि लाईन बंद झाल्याची स्वतः खात्री केल्याशिवाय हात लावतो का, तेही विचारा. याचं उत्तर नीट आलं, तर पोरगी खुशाल द्या.’’

त्यांना पटल्यासारखे वाटले. निघता निघता मी सहज विचारले, ‘‘तुमच्या डीपीचा फ्यूज रात्री कोण टाकतो हो?’’

‘‘आहे आमच्या आळीतलं एक पोरगं,’’ ते म्हणाले. मग चपला घालता घालता थांबले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.