टिटवीची अंडी आणि आपली लेन्स

मंडळी, मे महिना आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक बातमी ठरलेली असते. टिटवीने चार अंडी घातली, म्हणजे यंदा चार महिने पाऊस! सोबत अंड्यांचा अगदी जवळून काढलेला फोटो. ही बातमी देणारे आम्ही पत्रकारच. मीही दोनदा दिली आहे. म्हणून आज लिहितोय ते स्वतःला वगळून नाही.

परवा तालुक्यातल्याच एका माळावर चार हौशी फोटोग्राफर भेटले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गळ्यात १५०-६०० च्या लेन्स, आणि उभे कुठे, तर अंड्यांपासून पंधरा फुटांवर. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत जिवाच्या आकांतानं ओरडत होती. एकजण म्हणतो, "भारी ॲक्शन मिळतेय!" मी हटकलं, तर उत्तर ठरलेलं, "आम्ही काय अंडी पळवतोय का? फोटोच तर काढतोय."

ऐका मग. टिटवी, धाविक, चंडोल हे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते अंड्यांवर बसतात ते ऊब द्यायला कमी आणि सावली धरायला जास्त. टिटवी तर पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते, अंडी गार ठेवायला. तुम्ही अर्धा तास तिथं उभे, म्हणजे अर्धा तास ती अंडी तापल्या खडकावर उघडी. आतलं पिल्लू शिजून मरतं. तुमच्या हाताला काही लागत नाही, म्हणून तुम्हाला पाप वाटत नाही, एवढंच.

कायदाही हेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं, त्यांना उपद्रव देणं हेही येतं. बंदूक लागत नाही.

आणि राव, लेन्सचा तरी विचार करा. ६०० मिमीची लेन्स आपण लाखभर रुपये मोजून घेतो ती लांब उभं राहता यावं म्हणून. १.५ पट क्रॉपच्या बॉडीवर तिचं दृश्य ९०० मिमीइतकं होतं. एवढं असूनही पंधरा फुटांवर जायचं असेल तर मोबाइल काय वाईट होता? "लांबून फोटो शार्प येत नाही" म्हणता. पण दहानंतर माळावर तापलेली हवा थरथरते, तिथं कुठलीच लेन्स चालत नाही. उजाडताना जा. गाडी रस्त्यावरच ठेवा, खिडकीवर वाळूची किंवा डाळीची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेका, आतून फोटो घ्या. माणसापेक्षा गाडीला पक्षी कमी बुजतात. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० ठेवा. मोबाइलवर नराचा आवाज वाजवून पक्षी बोलवू नका, विणीच्या दिवसांत तो खाणं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो.

लोकेशन टाकू नका, हे तर हात जोडून सांगतो. ईबर्डसुद्धा संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा लपवतं. आपण मात्र पिन टाकून मोकळे, आणि रविवारी त्याच घरट्यापाशी आणखी दहाजण हजर.

आपल्याला लांबचं उदाहरण नको. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज तिथं माळढोक दिसला तर बातमी होते. तो कॅमेऱ्यानं संपवला असं मी म्हणत नाही. माळ नांगरले गेले, शिकार झाली, ती कारणं मोठी आहेत. पण माळ आधीच आक्रसलाय. उरलेल्या तुकड्यावर जे पक्षी जगतायत, त्यांना निदान आपण तरी हुसकू नये.

साधा नियम आहे. आपल्यामुळे पक्षी उठला, तर आपण जास्त जवळ गेलो. गुमान मागं फिरायचं.

माझ्यापुरतं ठरलंय. यापुढे अंड्यांचा, घरट्याचा फोटो माझ्या बातमीत येणार नाही. पावसाचा अंदाज हवामान खात्याकडून घेईन. पत्रकार बंधूंनो, तुम्हीही एवढं करा. आणि फोटोग्राफर मित्रांनो, रागावला असाल तर खाली बिनधास्त लिहा. फक्त कमेंटमध्ये घरट्याचं लोकेशन टाकू नका. टाकलंत तर डिलीट करणार.