तेल कुणीही बदलावे, पण…

चेतक स्कूटरच्या जमान्यात ऑइल पेट्रोलमध्ये आपल्यादेखत मिसळले जाई. १९८५ साली हीरो होंडाची फोर स्ट्रोक मोटारसायकल आली आणि ऑइल इंजिनाच्या पोटात गेले. ते नजरेआड झाले, तसा मालकाला त्याचा विसरही पडला.

वॉरंटी असेतो नांदेड-लातूरच्या शोरूममध्येच जावे, बिले जपावीत. बँकेत विश्वासातल्या माणसाचेही व्हाउचर तपासल्याशिवाय पास होत नसे. त्याच न्यायाने गाडी घरी आणल्यावर दांडी काढून तेल पाहावे. वॉरंटी सरल्यावर मात्र कंधार-अहमदपूरच्या माणसाने एवढ्यासाठी दिवस का मोडावा? इंजिन कोमट करावे, खालचा नट सोडावा, तेल निथळू द्यावे. नट घट्ट बसवून पुस्तिकेत सांगितलेले नवे तेल मापाने भरावे. अंगणात होणारे काम आहे.

खरा प्रश्न त्या काळ्या तेलाचा. कायद्याने तो घातक कचरा आहे. २०१६ साली लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; नांदेडच्या नाल्यांची वाट तर गोदावरीकडेच जाते. जुने तेल नालीत ओतून वाचवलेल्या मजुरीला काटकसर कसे म्हणावे? ते डब्यात भरून, रीतसर विल्हेवाट लावणाऱ्या गॅरेजवर पोचते करावे. तेवढे होणार नसेल, तर शोरूमच बरे.