खिडकी कुणाच्या वाट्याला?

आमच्या तालुक्याच्या गावातही आता काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्यात. निळी काच, आत एसी आणि भरदुपारी ट्यूबलाइट! ऊन सोसवत नाही म्हणून काचेला आतून जाड पडदे. मग काच लावली तरी कशाला? बचत गटाच्या कामाला अशा ऑफिसात गेले की हा प्रश्न हमखास पडतो.

ज्यांची ही नक्कल, त्यांचं आपण निम्मंच उचललंय. जर्मनीत फ्रँकफुर्टला कॉमर्झबँकेचा २५९ मीटर उंच मनोरा १९९७ साली उभा राहिला. त्याच्या भिंतीला काचेचे दोन थर आहेत. बाहेरचा थर वारा-पाऊस अडवतो, फटींतून हवा मधल्या पोकळीत येते आणि एवढ्या उंचावरही आतली खिडकी उघडता येते. उन्हाचे पडदे दोन थरांच्या मधे, म्हणजे ताप खोलीत शिरण्याआधीच बराचसा अडतो. शिवाय चार-चार मजले उंचीच्या नऊ बागा! आतल्या बाजूला बसणाऱ्यालाही झाड दिसतं. आपली जुनी पडवी वेगळं काय करत होती? ऊन बाहेर, उजेड आत.

झाड दिसणं ही चैन नव्हे, मैत्रिणींनो. अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांचे कागद तपासले. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. वेदनाशामक जहाल औषधंही त्यांना कमी लागली. हे १९८४ साली छापून आलंय.

आणि आपल्याकडे? खिडकी साहेबांच्या केबिनला, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी मुलगी आतल्या कोपऱ्यात. घरातही तेच. गॅलरी हॉलला आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडते डक्टमध्ये, शेजाऱ्यांच्या पाइपांकडे तोंड करून! जिथे बाईचा निम्मा दिवस जातो, तिथेच अंधार.

काचेचे दोन थर आपल्याला परवडायचे नाहीत. पण पश्चिमेच्या खिडकीला बांबूची चिक लावायची तर ती बाहेरून लावा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन आलं म्हणजे ताप घरात आलाच. आणि फ्लॅट बघायला जाल तेव्हा दुपारी जा, आधी स्वयंपाकघरात शिरा. दिवा न लावता तिथे तांदूळ निवडता येतील का, ते बघा. सॅम्पल फ्लॅटमधले सगळे दिवे लावून ठेवलेले असतात, ते अगोदर बंद करायला सांगा.