विश्लेषण : भाजल्याच्या खुणांपेक्षा लोकांच्या नजरा जास्त का बोचतात?

मोबाइलवर बँक खाते उघडताना ‘डोळे मिचकवा’ अशी सूचना येते. बहुतेकांसाठी हे क्षणाचे काम. पण अ‍ॅसिड हल्ल्यात पापण्याच जळालेल्या व्यक्तीने काय करायचे? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने ‘ई-केवायसी’ची पद्धत अशा व्यक्तींना आणि दृष्टिहीनांना वापरता येईल अशी करण्याचे आदेश दिले. यंत्राला बदलण्याचा आदेश देता आला. माणसांच्या नजरांचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

जखम भरली तरी त्रास का संपत नाही?

खोल भाजल्यानंतरचे व्रण अनेकदा फुगीर आणि लाल होतात, त्यांना सतत खाज सुटते. ते निवळायला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात. तोवर अनेक रुग्णांना घट्ट दाबाचे कपडे दिवसाचे जवळपास २३ तास घालावे लागतात. शस्त्रक्रियेने मान वळते, बोटे सुटी होतात, व्रण सौम्य दिसतो. पण तो पुसून टाकता येत नाही. हे आधी स्पष्ट सांगितले नसेल, तर प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर निराशा वाट्याला येते. आरसा टाळणे, झोप उडणे, चिडचिड, घराबाहेर न पडणे हा एका अर्थी जुन्या चेहऱ्याचा शोकच असतो. व्रण जितका मोठा तितके दुःख मोठे, असे गणितही नसते. हनुवटीवरची छोटी खूणही एखाद्याला कोलमडून टाकू शकते.

‘कसं झालं?’ हा प्रश्न साधा का नाही?

बसमध्ये, लग्नघरात, रेशनच्या रांगेत अनोळखी माणसे सहज विचारतात. भाजलेल्या बाईच्या बाबतीत तर त्यामागे संशयही असतो : स्टोव्ह भडकला, स्वतः पेटवून घेतले, की सासरच्यांनी पेटवले? खरे सांगितले तर घर उघडे पडते, खोटे सांगितले तर मन खाते. वर ‘आता लग्नाचं कसं?’ अशी कळकळ. विचारणारा पुढच्या थांब्यावर उतरतो. उत्तर देणारीला तेच दिवसातून अनेकदा सोसावे लागते.

मग उत्तर काय द्यावे?

ब्रिटनमधील जेम्स पार्ट्रिज १९७० मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी मोटार अपघातात गंभीर भाजले. पुढे १९९२ मध्ये त्यांनी ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था उभारली. या संस्थेने प्रचारात आणलेली पद्धत सोपी आहे : थोडक्यात सांगा, समोरच्याला निर्धास्त करा, विषय बदला. ‘लहानपणी भाजलं होतं. आता दुखत नाही. तुम्ही कुठं उतरणार?’ घरी दोन-चारदा म्हणून पाहिले की हे वाक्य वेळेवर तोंडात येते. ‘यावर मला बोलायचं नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे. आपली कहाणी कुणाला सांगायची, हे ठरवण्याचा हक्क व्रण असलेल्या व्यक्तीचाच.

कुटुंबाने काय करावे?

‘काही दिसत नाही गं’ असा खोटा धीर देऊ नये. दिसते, हे तिला माहीत असते. घरातले आरसे काढू नयेत आणि समोरही धरू नयेत. पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवू नये. दळण, भाजी, शाळा, नोकरी अशी नेहमीची कामे हळूहळू पुन्हा तिच्या हाती द्यावीत. लहान मुलाने बोट दाखवले तर त्याला दटावू नये; ‘त्यांना भाजलं होतं, आता बऱ्या आहेत’ एवढे सांगितले की त्याचे कुतूहल शमते. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर थांबू नये. सरकारच्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

सगळा भार एकटीवरच का?

आग्ऱ्यात २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘शीरोज हँगआउट’ कॅफेत अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला ग्राहकांना चहा-कॉफी देतात. तिथे त्यांना कमाई मिळते आणि चेहरा झाकावा लागत नाही. पण असा कॅफे गावोगावी नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांचा समावेश आहे. स्टोव्ह, गरम तेल वा फटाक्यांनी चेहरा भाजलेल्यांचा वेगळा उल्लेख नाही. वागणूक मात्र दोघांनाही तीच मिळते. म्हणूनच रुग्णालयातून सुटी देताना मलम आणि व्यायामाच्या कागदाबरोबर समुपदेशनाची तारीखही लिहून द्यायला हवी. आणि बाकीच्यांनी? एकदा नजर गेली तर गेली. पुन्हा पुन्हा वळून न बघता जागा देणे, सुट्टे पैसे मागणे, नाव विचारणे एवढे तरी जमायला हरकत नाही.