‘घरगुती वापराचे जुने सामान’

महाराष्ट्रातील शहरांत भाड्याचे घर बहुधा 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने, म्हणजे कूळहक्क न देता केवळ वापराची परवानगी देणाऱ्या कराराने, घेतले जाते. साहजिकच बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग अनेक कुटुंबांवर वारंवार येतो आणि एकेकाळी शेजारीपाजारी व आप्तेष्ट मिळून उरकत असलेले हे काम आता ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ म्हणविणाऱ्या व्यावसायिकांकडे गेले आहे. गावातल्या गावात हलवाहलव असेल, तर ‘छोटा हत्ती’, म्हणजे छोटा टेम्पो, ठरवून मालकाला स्वतः मागोमाग जाता येते. शहर बदलताना मात्र घर आणि घरचे सामान यांची काही दिवस ताटातूट होते, आणि त्या काळात दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे बिल्टी, अर्थात माल ताब्यात घेतल्याबद्दल वाहतूकदाराने दिलेली पावती.

या बिल्टीवर मालाच्या वर्णनाच्या रकान्यात सहसा एकच ओळ असते: ‘घरगुती वापराचे जुने सामान’, आणि पुढे नगांची संख्या. त्या एका ओळीत पिढीजात पितळी परात, दोन महिन्यांपूर्वी हप्त्यांवर घेतलेला टीव्ही, देव्हारा आणि मुलांच्या वह्यापुस्तकांचे खोके असे सगळेच सामावलेले असते. सोबतच्या यादीत सुपरवायझर फ्रिज, कपाट, धुलाईयंत्र यांच्यापुढे ‘ओरखडे आहेत’ असा शेरा सरसकट मारीत जातो. खोकी उतरत असताना, एक डोळा लिफ्टवर ठेवून, गृहस्थ त्या यादीवर सही करतो, आणि नवा ओरखडा पुढे जुना ठरविला जाण्याची सोय त्या सहीनेच झालेली असते. किमतीचा रकाना तर पुष्कळदा कोराच राहतो.

खरी गोम या कोऱ्या रकान्यात आहे. 1865 च्या वाहतूकदारविषयक कायद्याची जागा घेणारा, रस्त्यावरील मालवाहतुकीचा 2007 चा कायदा 1 मार्च 2011 पासून लागू झाला. त्यातील ‘सामान्य वाहक’ या संज्ञेत, म्हणजे कोणाचाही माल भेदभाव न करता भाड्याने नेणाऱ्या व्यावसायिकांत, दलाल व एजंट यांचाही समावेश असल्याने ‘आम्ही फक्त बुकिंग घेतो’ ही सबब टिकू नये, अशी त्याची रचना आहे. माल पाठविणाऱ्याने त्याची किंमत लेखी जाहीर करावी, अशी या कायद्याची अपेक्षा आहे. आणि अधिक जोखमीचा जादा दर ठरवून घेतला नसेल, तर नियमांनुसार वाहकाची भरपाईची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आतच, राहते. उदाहरणार्थ, वाहतुकीचे भाडे 8,000 रुपये असेल, तर मर्यादा 80,000 रुपयांची होते. पण विम्याचे चार पैसे वाचावेत म्हणून गृहस्थाने सामानाची किंमत 30,000 लिहिली असेल, तर 30,000 च्या पलीकडे त्याचा दावा सरकत नाही. पॅकिंग, चढउतार आणि वाहतूक यांची एकच ठोक रक्कम लिहिलेल्या कोटेशनात तर ‘भाडे’ नेमके किती, यावरच वाद उभा राहतो. दरासाठी चार ठिकाणी घासाघीस करणारा ग्राहक ही फोड मागत नाही, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. नुकसानीनंतर सगळा दोष वाहतूकदाराच्या माथी मारणे सोपे असले, तरी रकाना कोरा सोडणारा हात अनेकदा घरचाच असतो.

विम्याच्या नावाखालीही असाच घोळ चालतो. कोटेशनात ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ म्हणून सामानाच्या किमतीच्या काही टक्के रक्कम लावली जाते. परंतु विमा देण्याचा अधिकार विमा नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी असलेल्या कंपनीलाच असल्याने त्या कंपनीचे प्रमाणपत्र, त्यावरील मालाचा तपशील आणि मालकाचे नाव दिसल्याखेरीज ही रक्कम विम्याचा हप्ता मानता येत नाही. पावतीवर तिरका छापलेला ‘मालकाच्या जोखमीवर’ हा शिक्का मात्र वाटतो तितका भयंकर नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली, जुन्या कायद्याच्या संदर्भात, अशा शब्दांनी वाहकाची निष्काळजीपणाबद्दलची जबाबदारी संपत नाही, असे स्पष्ट केले होते; आणि 2007 च्या कायद्यातही माल हरवला वा बिघडला असता वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे दावेदारावर टाकलेले नाही.

पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत दूरच्या एखाद्या शहराचे न्यायक्षेत्र नमूद केलेले असते. ते वाचून हातपाय गाळण्याचे कारण नाही, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो राहतो किंवा नोकरीधंदा करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. मात्र वाहकाला नुकसानीची लेखी नोटीस आधी द्यावी लागते, तीही 180 दिवसांत. आणि हे दिवस सामान घरी पोहोचल्यापासून नव्हे, तर बुकिंगच्या तारखेपासून मोजले जातात. नव्या घरात पाऊल टाकताच ‘सवडीने बघू’ म्हणून माळ्यावर चढविलेला काचसामानाचा खोका सातव्या महिन्यात खाली उतरतो, तेव्हा आतल्या फुटक्या कपबश्यांसाठी दाद मागण्याची मुदत टळून गेलेली असते.