आखाडा, वारी आणि निळा रंग

‘चित्रं काढून पोट भरतंय का?’ हा आमच्या घरचा नित्याचा सवाल. फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाइन याच्या घरी तो नसावा; आई-वडील दोघेही चित्रकार! तरीही १९२८ साली जन्मलेला हा मुलगा कलाशाळेत न जाता ज्यूदोत रमला. १९५३ मध्ये टोकियोच्या कोदोकानमध्ये त्याने ब्लॅक बेल्टची चौथी श्रेणी मिळवली. जोडीला रोझिक्रूशियन पंथाचे चिंतनही होते. पुढे नुसत्या निळ्या रंगाने कॅनव्हास भरून त्याने निराकाराचाच शोध घेतला.

माझे वडील वारकरी, मी कुस्ती खेळणारा. यंदा मला सांगण्यात आले, ‘आखाडा किंवा चित्रकला, एक काय ते निवड.’ मित्रहो, कलावंत केवळ कुंचल्याने घडत नाही. मग जिमखाना आणि कलामंडळ यांच्यात भिंत कशाला? मी दोन्हींतले काहीच सोडणार नाही.